एकाच वेताची दोन पिल्लं घरी आणताना

पावसाळा सरत आला की गल्लीबोळांत, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये देशी कुत्र्यांची वेतं दिसायला लागतात. सहा-सात पिल्लांतलं एक घरी न्यायचं ठरतं आणि ते उचललं की दुसरं पायात घोटाळायला लागतं. मग "एकमेकांना सोबत होईल", "आपण कामावर गेलो तरी एकटं पडणार नाही" असं म्हणत दोन्ही घरात येतात. लॅब्रेडॉर, बीगल विकणारेही पुष्कळदा "जोडीच न्या, कमी करून देतो" म्हणतात. हेतू चांगलाच असतो. तरी पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला आमचा सल्ला आहे की एकच आणा. दुसरा हवाच असेल तर पहिला दीड वर्षाचा होऊ द्या, त्याची शी-शू, हाकेला येणं, एकटं राहणं पक्कं होऊ द्या, मग आणा.

दोन्ही आधीच घरात आली असतील तर घाबरून जाऊ नका. एकत्र वाढून छान राहिलेली सख्खी भावंडं पुष्कळ आहेत. अशा घरांत बहुतेक वेळा प्रत्येक पिल्लाला एकुलतं एक असल्यासारखं वाढवलेलं असतं. ते कसं जमवायचं, हेच खाली सविस्तर दिलं आहे.

अडचण नेमकी कुठे होते

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन मोकळं असतं. या काळात जे माणूस, जो आवाज, जी जमीन त्याला सहज भेटते, ती पुढे आयुष्यभर त्याला ओळखीची वाटते. आठव्या आठवड्याला एकटं घरी आलेलं पिल्लू या उरलेल्या सहा आठवड्यांत माणसाकडे बघायला शिकतं, कारण बघायला दुसरं कोणी नसतं. भीती वाटली तर तुमच्या पायाशी येतं, कंटाळा आला तर तुमच्याकडे येतं.

दोन असली की हे सगळं ती एकमेकांकडून मिळवतात. खेळायला भावंड, झोपताना टेकायला भावंड, घाबरलं की लपायला भावंड. माणूस म्हणजे जेवणाची ताटली आणणारा, एवढाच उरतो. सुरुवातीला हे फार गोड दिसतं. त्रास चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर कळतो. हाक मारली की दोघं आधी एकमेकांकडे बघतात. एकाला डॉक्टरांकडे नेलं की घरात राहिलेलं पिल्लू दार खरवडून काढतं आणि नेलेलं टेबलावर थरथरतं. दोघांत एक धीट आणि एक भित्रं असेल, आणि बहुतेक वेळा असतंच, तर भित्र्याची भीती कधी दिसूनच येत नाही, कारण ते कायम धीटाच्या मागून चालतं. वर्षभराने कधी एकटं बाहेर न्यायची वेळ आली की ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसकण मारतं.

आणि दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, दोघं पूर्ण वयात आली की, काही जोड्यांत जीवघेणी भांडणं सुरू होतात.

याला इंटरनेटवर 'लिटरमेट सिंड्रोम' म्हणतात ('लिटरमेट' म्हणजे एकाच वेतातलं भावंड). नाव आजारासारखं असलं तरी पशुवैद्यकात असा कुठला अधिकृत आजार नाही आणि प्रत्येक जोडीला हे होतंच असंही नाही. सख्खेपणाचा यात मोठा वाटा नसतो. वेगवेगळ्या वेतांची, पण एकाच वयाची दोन पिल्लं एकदम आणली तरी हेच घडू शकतं. कारण सारखं वय आणि चोवीस तासांची सोबत, हे आहे.

आणण्याआधीचा हिशोब

वेळेचा हिशोब आधी करा. आठ ते सोळा आठवड्यांच्या एका पिल्लाला रोज जागेपणीचे दीड ते दोन तास माणसाचे, फक्त त्याच्यासाठीचे लागतात: तीन-चार वेळचं जेवण, दर वेळी झोपून उठल्यावर शू, पाच-पाच मिनिटांची शिकवणी, कडेवर घेऊन बाहेरचा फेरफटका. दोघांचे मिळून चार तास धरा, शिवाय दोघांना एकत्र सांभाळायचा वेळ आणि फरशी पुसायचा वेळ. घरातली सगळी माणसं सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सातला येत असतील तर एकही पिल्लू नीट वाढणं अवघड, दोन तर अजिबात आणू नयेत. "एकमेकांना सोबत" या कारणासाठी लोक नेमकी अशाच घरांत दोन आणतात, म्हणून हे पहिलं सांगितलं.

जागेचा प्रश्न दुसरा. घर मोठं नसलं तरी चालेल, पण दोन पिल्लं एकमेकांना न दिसता आणि शक्यतो न ऐकू येता ठेवता येतील अशा दोन जागा हव्यात. वन-बीएचकेत एक बेडरूममध्ये आणि दुसरं हॉलमध्ये, असं जमतं. वन-आरकेत जमत नाही. बाल्कनी ही जागा धरू नका. जाळी असली तरी उन्हाळ्यात तिथली फरशी तापते, आणि पिल्लू जाळीच्या खालच्या फटीतून डोकं घालतं.

खर्च सरळ दुप्पट होतो आणि आजारपणात एकदम येतो, कारण एकाचं जंत, गोचीड, जुलाब दुसऱ्याला होतातच. लसीकरण, नसबंदी, महापालिकेचा परवाना, सगळं प्रत्येकाचं वेगळं.

दोन्ही नर, दोन्ही माद्या की एक-एक? एकाच लिंगाच्या जोड्यांत भांडणं जास्त होतात आणि दोन माद्यांची पेटलेली भांडणं मिटवणं सगळ्यात कठीण जातं. घ्यायचीच असतील तर एक नर, एक मादी घ्या, मात्र नसबंदी वेळेवर झालीच पाहिजे. भाऊ-बहीण असणं कुत्र्यांना आडवं येत नाही.

विकत घेणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा. 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. "जोडी आजच न्या" म्हणणाऱ्याकडे आधी नोंदणी मागा.

आठ आठवड्यांच्या आतली असतील तर

इथे सल्ला उलटा होतो. आई गाडीखाली गेली, पिल्लं चार-पाच आठवड्यांची आहेत आणि दोनच वाचली आहेत, तर दोन्ही एकत्र ठेवा. या वयात भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. त्यातूनच दात किती लावायचे हे पिल्लू शिकतं. एकटं वाढलेलं पिल्लू हे उशिरा शिकतं आणि त्याचे दात तुमच्या मुलांच्या हातांना लागतात. आई जिवंत असेल तर आठ आठवडे पिल्लं तिच्याजवळच असू द्या आणि आईला नीट खायला घाला.

वय ओळखायचं कसं? डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून फुटू लागतात, आणि सहा ते आठ आठवड्यांत सगळे आलेले असतात. दातांची सगळी रांग सुईसारखी टोकदार असेल आणि पिल्लू ताटलीतलं घट्ट अन्न स्वतः खात असेल, तर ते साधारण दोन महिन्यांचं.

आठवा आठवडा पूर्ण झाला की निर्णय घ्या: एक देणार की दोन्ही ठेवणार. "बघू पुढे" म्हणत चार महिने गेले की सवयीचा काळ निघून जातो, पिल्लू मोठं दिसू लागतं आणि त्याला घर मिळणंही अवघड होतं.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

नावं ठेवताना कानाला वेगळी लागतील अशी ठेवा. चिंगी-पिंगी, शेरू-भैरू ऐकायला मजेदार, पण शेवटचा स्वर आणि चाल सारखी असली की पिल्लाचा गोंधळ होतो. एकाचं दोन अक्षरी तर दुसऱ्याचं तीन अक्षरी ठेवा, शेवटचा स्वर वेगळा ठेवा: 'मोती' आणि 'काजळ' चालेल.

दोन पिंजरे घ्या, म्हणजे दुकानात क्रेट म्हणून मिळतात ते. पूर्ण वाढलेल्या देशी कुत्र्याला 36 इंची लागतो; तोच घेऊन आतली जागा पुठ्ठ्याने किंवा सोबत मिळणाऱ्या जाळीने कमी करा. पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरता येईल एवढीच जागा हवी. जास्त असली तर एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शी करतं. दोन बिछाने, दोन पाण्याची भांडी, दोन पट्टे, दोन हार्नेस (छातीभोवती बांधायचे पट्टे). ताटल्या एकमेकांपासून दूर ठेवा, शक्यतो दोन खोल्यांत, आणि पाच-सात मिनिटांत उरलेलं उचला. एक भराभर संपवून दुसऱ्याच्या ताटलीकडे गेलं, की ज्याचं हिसकावलं गेलं ते पुढच्या वेळी ताटलीवर गुरगुरायला शिकतं. ही सवय एकदा लागली की सहजासहजी सुटत नाही.

दर रविवारी वजन करा. स्वयंपाकघरातला काटा पुरत नसेल तर पिल्लाला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं आठवडाभर जागच्या जागी आहे, तर बहुधा जंत किंवा उपासमार, दोन्हीपैकी काहीतरी चालू आहे.

आणि ही एक छोटी, पण फार उपयोगी युक्ती. सकाळी उठल्यावर फरशीवर पातळ शी दिसते आणि ती कोणाची ते कळत नाही. एकाच्या जेवणात चमचाभर किसलेलं गाजर मिसळा. गाजराचे केशरी कण पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. डॉक्टरांना नेमका नमुना देता येतो.

वेगळं झोपवायची पायरी-पायरी

पहिल्याच रात्री दोघांना दोन खोल्यांत कोंडू नका. आईपासून तुटलेली पिल्लं भीतीने रात्रभर ओरडतील आणि पिंजरा म्हणजे शिक्षा, हे कायमचं मनात बसेल.

पहिले तीन-चार दिवस दोन्ही पिंजरे एकमेकांना चिकटून, तुमच्या पलंगाजवळ ठेवा. जाळीतून नाक लागेल एवढं. शांत झोपू लागली की पिंजऱ्यांत हातभर अंतर करा. पुढच्या आठवड्यात खोलीच्या दोन कोपऱ्यांत न्या आणि मधल्या बाजूला जुनी चादर टाका, म्हणजे वास येतो पण दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक पिंजरा दुसऱ्या खोलीत, शक्यतो तिथेही घरातलं माणूस झोपत असेल अशा जागी. एखाद्या पायरीवर पिल्लू दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त केकाटत राहिलं, लाळ गाळू लागलं किंवा जाळी चावू लागलं, तर एक पायरी मागे या. घाई करून दोन दिवस वाचतात आणि दोन महिने वाया जातात.

रात्री शू साठी उठावं लागेल. दोन महिन्यांचं पिल्लू सलग तीन तास रोखू शकतं, फार तर. एकेकाला उचलून न्या. दोघांना एकदम सोडलं की खेळ सुरू होतो आणि शू घरात आल्यावर होते.

दिवसाचं वेगळं राहणं याहून छोट्या घासांनी सुरू करा. एकाला खाऊ भरलेलं खेळणं देऊन पिंजऱ्यात ठेवा, दुसऱ्याला घेऊन स्वयंपाकघरात जा, मिनिटभराने परत या. मग तीन मिनिटं, पाच, दहा. महिन्याभरात अर्धा तास सहज जमायला हवा. त्यानंतर 'कोण आत, कोण बाहेर' याची पाळी बदलत राहा, नाहीतर एकाला कायम आत राहायची आणि दुसऱ्याला कायम माणसाबरोबर फिरायची सवय लागते.

शिकवणी

दोघांना समोर बसवून "बस, बस" म्हणणं हा सगळ्यात जास्त आढळणारा चुकीचा प्रकार. दोघांपैकी एक चुकून बसतं, खाऊ दोघांना मिळतो आणि दुसरं उभं राहून खाऊ मिळतो हे शिकतं.

प्रत्येकाला दिवसातून तीन वेळा, तीन ते पाच मिनिटं, एकट्याला शिकवा. दुसरं त्या वेळी बंद दाराआड चघळायला काहीतरी घेऊन असावं. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे करून ठेवा आणि तेवढं जेवणातून कमी करा. क्रम असा ठेवा: आधी नाव ऐकून तोंडाकडे बघणं, मग हाकेला येणं, मग बसणं, मग पट्टा लावून चार पावलं सैल चालणं. जेवणाआधीची वेळ चांगली, पोट भरल्यावर लक्ष लागत नाही.

दोघं वेगवेगळी नीट शिकली की, साधारण चौथ्या महिन्यात, एकत्र घ्या. दोघांना समोर बसवा. मोतीचं नाव घ्या आणि मोतीलाच तुकडा द्या. काजळ पुढे आली तर हात मुठीत मिटून थांबा, ओरडू नका. ती मागे बसली की तिचं नाव घ्या आणि तिला द्या. दोन-तीन दिवसांत दिसेल की मोतीचं नाव घेतल्यावर काजळ जागेवरच राहते, फक्त कान हलतात. घरात दोन कुत्रे असताना सगळ्यात जास्त कामाला येणारी शिस्त हीच.

एकत्र वेळ किती द्यायचा

वेगळं ठेवायचं म्हणजे तोडायचं नाही. दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं दोघांना मनसोक्त खेळू द्या, तुम्ही जवळ बसून. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, त्यामुळे जागेपणीच्या वेळेतला हा वाटा लहान नाही. फक्त माणसाबरोबरचा वेळ भावंडाबरोबरच्या वेळेपेक्षा जास्त राहील, एवढं बघा.

खेळ चांगला चाललाय की नाही ते ओळखायला शिका. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर करणं, कधी हा वर तर कधी तो वर, मधेच थांबून अंग झटकणं, ही चांगली लक्षणं. एकच पिल्लू सतत खाली पडतंय, शेपूट पोटाखाली घातलीय, सोफ्याखाली शिरतंय, तर तो खेळ नाही. शंका आली की वरचढ पिल्लाला छातीशी धरून ठेवा. खालचं परत त्याच्याकडे उडी मारत आलं तर त्यालाही खेळायचंय. निघून गेलं तर त्याला सुटका हवी होती. "आपापसात मिटवतील" हे म्हणणं इथे लागू करू नका. रोज हरणारं पिल्लू एक दिवस हरायचं थांबतं.

बाहेर नेणं आणि लसी

साधारण सहा ते आठ आठवड्यांत पहिली एकत्रित लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, शेवटचा सोळाव्या आठवड्याच्या आसपास. रेबीजची लस तीन महिन्यांना आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी बूस्टर. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे. एकच बाटली दोघांत अंदाजाने वाटू नका.

लसी पूर्ण व्हायला चार महिने लागतात आणि मन मोकळं असण्याचा काळ साडेतीन महिन्यांत संपतो. म्हणून वाट बघत घरात बसू नका. कडेवर घेऊन किंवा खांद्याच्या पिशवीत बसवून न्या, जिथे इतर कुत्री शी करतात तिथे जमिनीवर ठेवू नका. आणि एका वेळी एकालाच न्या. सोमवारी मोती भाजीवाल्याकडे, मंगळवारी काजळ. रिक्षाचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, काठी घेतलेले आजोबा, पावसाची छत्री, प्रेशर कुकरची शिटी, लिफ्टचं दार. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज मोबाईलवर अगदी हळू लावा, त्याच वेळी जेवण द्या, रोज थोडा आवाज वाढवा. गणपती आणि दिवाळी येईपर्यंत वेळ असतो, पण तो आत्ताच वापरावा लागतो. भित्र्या पिल्लाच्या फेऱ्या जास्त ठेवा, आणि धीटाला सोबत नेऊन त्याचा धीर वाढतो, या समजुतीत राहू नका. धीर उसना असतो.

डॉक्टरांकडे किमान दोन वेळा वेगवेगळं न्या. रिक्षाचं भाडं दुप्पट पडेल, तरीही.

एक आजारी पडलं तर

उलट्या, रक्ताची दुर्गंधी येणारी पातळ शी, मरगळ: हे पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा, विषाणूमुळे पसरणारा आतड्याचा आजार, असू शकतं. त्याच तासाला डॉक्टर गाठा, उद्यावर ढकलू नका. लागण झाल्यावर लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, म्हणजे दुसऱ्यालाही आधीच संसर्ग झालेला असण्याची शक्यता मोठी. दुसरं खेळतंय-खातंय म्हणून निश्चिंत राहू नका. त्याच्याबद्दलही डॉक्टरांना विचारा आणि दिवसातून दोनदा त्याचं जेवण आणि शी नीट बघा.

आधी घाण पूर्ण उचलून फरशी साबणाने धुवा. मग एक कप ब्लीच तीस कप पाण्यात घालून पसरवा, दहा मिनिटं ठेवा आणि पुसून घ्या. ब्लीचमध्ये फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वाफ होते. पार्वोचा विषाणू घरात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. दुर्दैवाने पिल्लू गेलं, तर लसी पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या घरात लगेच आणू नका.

माणसांसाठी एक गोष्ट, जी पिल्लाच्या कौतुकात मागे पडते. रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं किंवा कातडी नुसती खरचटली, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू करा. पिल्लू लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. लहान पिल्लालाही रेबीज होतो.

नसबंदी

मादी सहाव्या महिन्यानंतर कधीही माजावर येऊ शकते आणि नर साधारण त्याच वयात फळवू शकतो. माज तीनेक आठवडे चालतो. भाऊ-बहीण असतील तर पाचव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवा. नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, म्हणून आज नराची झाली आणि उद्या मादी माजावर आली तर दोघांना वेगळंच ठेवा. अनेक महापालिका आणि प्राणीसंस्था रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या कुत्र्यांची नसबंदी कमी खर्चात करून देतात, विचारा. मादीच्या टाक्यांना दहा-बारा दिवस लागतात. त्या दिवसांत दुसरं पिल्लू तिच्यावर उड्या मारणार आणि टाके चाटणार, म्हणून वेगळं राहायची सवय तोवर झालेली असणं फार उपयोगी पडतं.

भांडण झालंच तर

गुरगुरणं म्हणजे भांडण नाही, ती सूचना आहे; तिला ओरडून दाबू नका, कशावरून आली ते बघा. हाड, सोफ्यावरची जागा, दारावरची बेल वाजल्यावर दोघांनी एकदम धावणं, तुमच्या मांडीजवळची जागा. बहुतेक भांडणं याच चार ठिकाणी होतात. ती वस्तू उचला किंवा ती वेळ येण्याआधी दोघांना वेगळं करा.

खरोखर जुंपली तर हात मध्ये घालू नका, पट्टाही धरू नका. चावा तिथेच बसतो. मध्ये खुर्ची, उशी किंवा मोठा पुठ्ठा सरकवा, अंगावर जाड चादर टाका, बादलीभर पाणी ओता. दोन माणसं असतील तर दोघांनी एकेकाचे मागचे पाय उचलून, हातगाडीसारखं, मागे ओढावं आणि वेगळ्या खोल्यांत न्यावं. त्या दिवशी परत एकत्र आणू नका. दोन-तीन वेळा रक्त येईपर्यंत भांडण झालं तर आधी डॉक्टरांकडून दुखणं तपासून घ्या. कानाचं दुखणं, हाडाचं दुखणं असलेला कुत्रा चिडका होतो. दुखणं नसेल तर मार न देता शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला घरी बोलवा. काठी आणि काटेरी पट्टा वापरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एकाला दुसरं घर द्यायचं ठरलं तर

यात कमीपणा नाही. पिल्लाच्या भल्याचाच निर्णय आहे आणि तो दहाव्या-बाराव्या आठवड्यात घेतला तर दोघांनाही सोपा जातो. कोणतं ठेवायचं? लोक धीट ठेवतात आणि भित्रं देतात. आमच्या मते उलट करावं. धीटाला नव्या घरात रुळायला वेळ लागत नाही, भित्र्याला ओळखीचं घर आणि ओळखीची माणसं जास्त गरजेची.

रस्त्यावर परत सोडणं हा पर्याय नाही. दोन महिने घरात राहिलेल्या पिल्लाला तिथे अन्न शोधता येत नाही, तिथली कुत्री त्याला जवळ करत नाहीत. पाळलेला प्राणी असा टाकणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

घर शोधताना फोनवर हो म्हणू नका. त्यांच्याकडे एकदा जाऊन या: खिडक्यांना जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, भाड्याचं घर असेल तर मालकाचं म्हणणं काय. सोसायटीत कुत्रा चालत नाही असं कोणी सांगितलं तर कळवा की पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही; भारतीय पशुकल्याण मंडळाने तशा मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. कागदावर दोन्हीकडच्या सह्या घ्या, नसबंदीची अट लिहा, लसीकरणाचं पुस्तक सोबत द्या, आणि "जमलं नाही तर आमच्याकडेच परत आणा" हेही लिहा.

देण्याआधी आठवडाभर दोघांच्या बिछान्यांवर एक-एक जुनी चादर टाकून ठेवा, आणि त्या दिवशी अदलाबदल करा: जाणाऱ्याबरोबर राहणाऱ्याची चादर, राहणाऱ्याजवळ जाणाऱ्याची. नेणाऱ्यांना सकाळी बोलवा, संध्याकाळी नको, म्हणजे पिल्लाला नवं घर उजेडात बघायला मिळतं. ते सध्या जे खातं तेच पहिले चार-पाच दिवस देता येईल एवढं अन्न बांधून द्या. घर बदललं आणि अन्नही बदललं की जुलाब होतात. तुमच्याकडे राहिलेलं पिल्लू दोन-तीन रात्री दाराशी जाऊन बसेल, थोडं केकाटेल. त्याचा पिंजरा परत तुमच्या पलंगाजवळ ओढा आणि झोपताना हात जाळीशी ठेवा.